नाव उसनं मागायला आले तर

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की आष्टीतल्या कुठल्याही ऑनलाइन सेंटरवर थोडा वेळ उभं राहून बघा. सर्व्हर अडकलेला, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत टेबलाला खेटून बसलेल्या एकाच्या हातात सातबाऱ्यांचा गठ्ठा. माणसाचं आडनाव एक, गठ्ठ्यातली आडनावं पाच. सेंटरवाला विचारतो, "मोबाईल नंबर कुणाचा टाकू?" उत्तर येतं, "सगळ्याला माझाच टाक." मागे उभे असलेले ऐकतात, पण कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या पाच जणांत एखादी म्हातारी असते, एखादा पुण्याला कंपनीत गेलेला पोरगा असतो. त्यांनी सोय म्हणून कागद दिलेले असतात. सोय आणि लबाडी एकाच गठ्ठ्यात बांधलेली असते, वरून ओळखू येत नाही.

ही आष्टी बीड जिल्ह्यातल्या तालुक्याची नव्हे. ही परतूर तालुक्यातली, परतूरहून माजलगावकडे जाताना लागणारी. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडे आला. कापूस, सोयाबीन, तूर, कुठे मोसंबी. पाऊस कधी दडी मारतो, कधी सगळं धुऊन नेतो. त्यामुळे विमा, अनुदान, सरकारी खरेदी, दाखले या चार गोष्टींशी इथल्या घराचा जितका संबंध येतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाशी येत असेल.

प्रामाणिकपणावर बोलायचं म्हटलं की आपण लगेच पैशांची सापडलेली बॅग परत करणाऱ्या रिक्षावाल्याची बातमी काढतो. बातमी चांगली असते, पण बॅग आपल्याला जन्मात सापडत नाही. आपल्या वाट्याला येतो तो वेगळाच प्रसंग. ओळखीतलाच कोणी येतो आणि आपलं नाव मागतो. सातबाऱ्याची प्रत, आधारची झेरॉक्स, अंगठा, बँकेचं खातं, साक्षीदाराची सही, नाहीतर फोनवर आलेला ओटीपी. आपल्याला चोरी करायची नसते, खोटं बोलायचंही नसतं. नुसतं नाव द्यायचं असतं. आपल्या भागातली बहुतेक लबाडी अशा उसन्या नावांवर चालते, आणि नाव देणारा बहुतेकदा भला माणूस असतो. म्हणून हा लेख लबाडांसाठी नाही. ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही, त्यांच्यासाठी आहे.

विम्यापासूनच सुरू करू, कारण त्यात काय घडलं ते आता सगळ्यांसमोर आहे.

खरीप २०२३ पासून राज्य सरकारने शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः भरायला घेतला आणि विम्याचा अर्ज एका रुपयात आला. सेंटरवाल्याला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. म्हणजे अर्ज करणाऱ्याला जवळजवळ फुकट, आणि भरणाऱ्याला जितके अर्ज तितकी कमाई. अशा व्यवस्थेत कागदांच्या गठ्ठ्याला किंमत येणारच. सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर, पेराच नसलेल्या रानांवर, दुसऱ्याच्या गटांवर परस्पर विमे निघाले. तपासणीत अर्ज रद्द झाले, केंद्रचालकांवर कारवाया झाल्या. खरीप २०२५ ला एक रुपयाची योजना गेली आणि शेतकऱ्याच्या माथी पुन्हा हप्ता आला. विमा संरक्षित रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के.

हप्ता परत आला याचा गवगवा झाला. त्याहून मोठी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आली. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान हे जास्तीचे निकष राज्याने त्याच वेळी काढून टाकले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठेवली. त्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात पाण्याने हाहाकार केला. ज्याचं एकट्याचं नदीकाठचं रान खरवडून गेलं, त्याला पूर्वी ७२ तासांत कंपनीला कळवून आपल्या शेताचा पंचनामा मागता यायचा. ती वाट बंद झालेली होती. सगळा दोष बोगस अर्जांवर ढकलणं मला पटत नाही. तिजोरीवरचा भार हे कारण होतंच. पण निकष कापायला आयतं निमित्त कुणी पुरवलं, हे आपण आपल्याशी तरी कबूल करायला हवं.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे अर्जात मोबाईल नंबर आपला किंवा घरातल्याचा. दुसऱ्याच्या नंबरवर गेलेला मेसेज आपल्याला कधी दिसत नाही, आणि पुढे चौकशी आली तर 'मला माहीत नव्हतं' हे आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही, कारण अर्ज आपल्या नावाचा असतो. दुसरं, पावती तिथल्या तिथे उभ्या उभ्या वाचायची. चारच गोष्टी बघायच्या: गट नंबर, क्षेत्र, पीक आणि खाते क्रमांक. एक हेक्टर वीस आरचं दोन हेक्टर दहा झालं असेल तर 'राहू द्या, जास्तीचंच झालं ना' असं म्हणून बाहेर पडू नका. मुदत संपायच्या आत दुरुस्ती होते, मुदतीनंतर ती तुमची लबाडी ठरते. खोटा विमा काढणाऱ्याला काळ्या यादीत टाकण्याची तरतूद आता आहे, आणि यादीत नाव जातं ते सातबाऱ्यावरच्या माणसाचं. गठ्ठा आणणाऱ्याचं जात नाही.

ई-पीक पाहणीचंही तेच. अ‍ॅप शेतात उभं राहून फोटो मागतं. बांधापलीकडचा कापूस चांगला आलाय म्हणून त्याचा फोटो काढून आपल्या पडीक गटावर चढवणारे आहेत. ही नोंद फक्त विम्यापुरती राहत नाही. ती सातबाऱ्यावर उतरते, तिच्यावर पीक कर्ज ठरतं, सरकारी खरेदी केंद्रावर तीच बघतात. एका खोट्या फोटोची सोबत पुढे वर्षभर करावी लागते.

विम्यापेक्षा नाजूक प्रकरण अनुदानाचं. आपल्याच जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत काय झालं ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आहे. २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानात घोटाळा झाल्याचं चौकशीत पुढे आलं. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्या खात्यांवर पैसे गेले, काहींचं क्षेत्र वाढवलं गेलं, काहींना दोनदा मिळाले. रक्कम २५ कोटींच्या घरात सांगितली गेली, तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले आणि २०२५ मध्ये गुन्हाही दाखल झाला. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. आपल्यासाठी त्यात एक साधी गोष्ट आहे. सरकारी पैसा थेट खात्यात जातो, त्यामुळे असा कुठलाही घोटाळा खातेदाराशिवाय पुरा होत नाही. कुणीतरी आपलं पासबुक दिलेलं असतं. 'पैसे आले की काढून आण, तुझे एवढे, बाकीचे आमचे' असं कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं असतं, आणि समोरचा हो म्हणालेला असतो.

मोह कुठे असतो ते आकड्यांत बघा. आपत्तीच्या मदतीचे २०२२ नंतरचे केंद्राचे निकष असे होते: जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक फळबागेला २२,५००. राज्य सरकार त्यात वेळोवेळी वाढ करतं, पण प्रमाण साधारण असंच राहतं. म्हणजे पंचनाम्यात 'जिरायत' खोडून 'बागायत' लिहिलं की रक्कम दुप्पट. तलाठी बांधावर आलेला असतो, चहा झालेला असतो, आणि तोच विचारतो, "बोअर आहे ना तुमचा?" बोअर असतो. त्याला पाणी मार्चपर्यंतच असतं आणि ज्या तुकड्याचा पंचनामा चाललाय तिथवर पाइप कधीच गेलेला नसतो. इथे तुम्ही काय बोलता, यावर सगळं आहे. माझं मत विचाराल तर त्या क्षणी तत्त्वाची चर्चा करू नका. "त्या तुकड्याला पाणी नाही, हा वरचा गट तेवढा भिजतो" एवढं वस्तुस्थितीचं वाक्य बोला आणि गप्प बसा. खरी माहिती आधी बोलून टाकली की पुढचा खोटा शब्द लिहायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर जाते, आणि सहसा तोही मग लिहीत नाही.

समजा चुकून जास्तीचे पैसे आलेच. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या खात्यात येतात. तेव्हा घाईने काढू नका, आणि त्याहून महत्त्वाचं, ते रोख काढून कुठल्याही कर्मचाऱ्याच्या हातात देऊ नका. 'साहेबांना परत करतो' असं म्हणून रोख नेणारा माणूस ते सरकारजमा करेलच असं नाही, आणि बँकेच्या नोंदीत पैसे काढणारे तुम्हीच दिसता. तहसीलदारांच्या नावाने साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला एवढी रक्कम जमा झाली, माझं बाधित क्षेत्र एवढं आहे, जास्तीची रक्कम शासनाच्या कोणत्या खात्यात भरायची ते लेखी कळवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. भरणा चलनाने किंवा धनादेशाने करा. ही पोच जपून ठेवा, कारण चौकशी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांनी येते आणि तोवर टेबलावरचा माणूस बदललेला असतो.

पैठणच्या नाथांची एक गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगतात. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब बघत असताना एका पैचा मेळ लागेना, म्हणून ते रात्रभर जागले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. सांगणारा पैवर जोर देतो. मला त्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. ते हिशेब दुसऱ्याचे होते, तरी चूक शोधायची वेळ त्यांनी वरून कुणी विचारण्याच्या आधीची धरली. पासबुकात एंट्री मारून आणायला आपल्याला जो कंटाळा येतो त्याच्याशी या गोष्टीचा संबंध आहे. तीन-तीन वर्षं एंट्री नाही, मग खात्यात काय आलं नि काय गेलं, सांगणार कसं?

कापसाकडे येऊ. नाव उसनं मागण्याचा सगळ्यात गोड प्रकार तिथे असतो.

सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्याला टक्का कपात, आणि १२ च्या वर माल परत. बाजारात भाव हमीभावाच्या खाली असला की खेडा खरेदीवाल्याचं गणित सोपं होतं. गावात फिरून स्वस्तात कापूस गोळा करायचा आणि कुणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात घालायचा. त्याला हवा असतो फक्त शेतकरी, नोंदणी केलेला, पीक पाहणीत कापूस दाखवणारा. तो येतो तुमच्याकडे. त्याच तोलाईत तुमचाही माल जातो, खात्यात पैसे आले की काढून द्यायचे, तुमच्या हातात क्विंटलमागे काहीतरी टेकवतो. आणि तो परका नसतो. जूनमध्ये बियाण्याला उचल त्यानेच दिलेली असते. पोरीच्या लग्नात त्याचा टेम्पो आलेला असतो.

यात कुणाचं काय बिघडलं, असा सवाल लगेच येईल. एकरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा ठरलेली असते. तुमच्या नावावरची मर्यादा त्याच्या मालाने भरली की तुमची दुसरी वेचणी घरात पडून राहते. रांगेत गाड्या वाढतात, केंद्र भरलं म्हणून बंद ठेवतात, आणि ज्याच्याकडे खरोखर चार एकरांचा कापूस आहे तो परतूर-सेलूच्या चकरा मारून शेवटी त्याच व्यापाऱ्याला पडेल भावाने देतो. म्हणजे तुम्ही नाव दिलंत, आणि तुमच्याच भावकीतल्या कुणाचा तरी भाव पाडलात. शिवाय खात्यावर लाख-दोन लाखांची उलाढाल तुमच्या नावाने दिसते. उद्या कुठल्या योजनेत उत्पन्न तपासलं तर त्याचा खुलासा तुम्हीच द्यायचा.

पाणी मारलेल्या कापसाबद्दल फार लिहीत नाही. रात्री गंजीवर पंपाने फवारा मारून वजन वाढवणाऱ्याला ठाऊक असतं तो काय करतोय. मॉइश्चर मीटर आल्यापासून त्यात पूर्वीइतका फायदाही उरलेला नाही. तोटा मात्र अख्ख्या गावाचा होतो, कारण एकदा गावाचं नाव खराब झालं की त्या गावची गाडी आली म्हटल्यावर ग्रेडर आधीच नाक मुरडतो.

तर मग नाही म्हणायचं कसं? प्रामाणिकपणाची पुस्तकं इथे हात वर करतात. 'ठामपणे नकार द्या' म्हणतात. ज्याच्या दारावरून रोज जायचं, ज्याच्या घरी सोयरीक, त्याला ठामपणे नकार देऊन बघा. भांडण होतं, आणि भांडणाच्या भीतीनेच माणूस नाव देऊन मोकळा होतो. काही गोष्टी गावात चालताना दिसतात, त्या सांगतो.

नकार एकदाच आणि लवकर द्यायचा. "बघू", "घरच्यांना विचारतो", "कागद सापडेना" ही उत्तरं सभ्य वाटतात, पण त्यांचा अर्थ समोरचा 'अजून दोनदा या' असा घेतो. तिसऱ्यांदा आलेल्याला नाही म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड. त्यापेक्षा "भाऊ, सातबारा आणि खातं सोडून दुसरं काहीही माग" हे वाक्य बरं. त्यात माणूस तोडलेला नाही, वस्तू तेवढी वेगळी काढली आहे. वडीलधाऱ्याला सांगायचं तर "आबा, नावाचे कागद बाहेर द्यायचे नाहीत असं आमच्या घरात ठरलंय, तुम्ही राग मानू नका." हे खोटं ठरू नये म्हणून घरात खरंच ठरवा. नवरा-बायको, मुलगा, सून बसून एकदा बोला की कुणी मागितलं तरी सातबारा, पासबुक, एटीएम, सिम आणि ओटीपी या पाच गोष्टी घराबाहेर जाणार नाहीत. नाहीतर बाप नाही म्हणतो आणि व्यापारी संध्याकाळी मुलाला गाठतो.

आणि समोरच्यावर आरोप करायचा नाही. 'तुम्ही दोन नंबरचं करता' म्हटलं की तो स्वतःच्या बचावाला लागतो आणि बाकीच्या गावाची उदाहरणं देतो. आपण आपल्यापुरतं बोलायचं.

पण नकार न जमण्याचंही मूळ मागे आहे. ज्याच्याकडून उचल घेतली त्याला नोव्हेंबरात नाही म्हणता येत नाही, कितीही वाक्यं पाठ केली तरी. म्हणून नकाराची तयारी जूनमध्ये करावी लागते. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर राज्यात शून्य टक्के व्याज पडतं. बँक दारात उभं करत नाही, फेऱ्या मारायला लावते, हे खरं आहे आणि त्याची चीड येणंही रास्त आहे. तरी त्या फेऱ्यांची किंमत व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा कमी पडते. उचल घ्यावीच लागली तर ती लिहून घ्या, व्याज ठरवून घ्या, आणि माल त्यालाच घालायचा की नाही हेही त्याच दिवशी बोला. तोंडी उपकाराची वसुली कागदांत होते.

आता तरुणांसाठी, थोडक्यात, कारण बाब सरळ आहे. 'खातं भाड्याने दे, महिन्याला पाच-दहा हजार घे, नुसतं एटीएम आणि सिम द्यायचं' असं कुणी म्हणालं तर ते पैसे ऑनलाइन फसवणुकीचे असतात. कुठल्या तरी शहरात एखाद्या निवृत्त माणसाला घाबरवून काढलेले पैसे तुमच्या खात्यातून पुढे जातात. पोलीस पहिल्यांदा पोचतात ते तुमच्यापर्यंत, कारण साखळीतलं एकमेव खरं नाव तुमचं असतं. खातं आधीच दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन ते बंद करायला लावा आणि १९३० या सायबर क्रमांकावर स्वतःहून कळवा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर दिसतं. तिथे न ओळखीचा नंबर दिसला तर बंद करण्याची विनंती तिथेच करता येते.

डमी उमेदवार हाही त्याच जातीचा व्यवहार. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गैरप्रकार केल्याचा ठपका असलेल्या सात हजारांहून अधिक उमेदवारांची नावं परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये यादीसह जाहीर केली. त्यातल्या कित्येकांनी पैसे घेऊन पास करून देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला असेल. यादीत त्या माणसाचं नाव नव्हतं. भावाच्या जागी परीक्षेला बसायला निघालेल्या हुशार मुलाला ही यादी दाखवावी. २०२४ पासून राज्यात स्पर्धा परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी वेगळा कायदाही आहे.

दाखल्यांच्या बाबतीत मात्र मला तितकं सरळ बोलता येत नाही. उत्पन्नाचा दाखला काढताना शेतकऱ्याचं उत्पन्न नेमकं किती, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. एका साली मोसंबीने हात दिला, दुसऱ्या साली बाग जळाली. नोकरदाराचा पगार कागदावर असतो, इथे सगळा अंदाज. पण अंदाज आणि बनाव यांत फरक आहे आणि तो करता येतो. एका वहीत हंगामाचे दोन आकडे लिहा: माल विकून आलेले आणि बी-खत-मजुरीला गेलेले. आडत्याच्या पट्ट्या त्याच वहीत खोचून ठेवा. दाखल्याला विचारलं की वहीतला आकडा सांगा. तो दोन लाख असेल तर दोन, साडेतीन असेल तर साडेतीन. २०१५ पासून बऱ्याच कामांना शंभराचा बाँड आणि नोटरी लागत नाही, स्वयंघोषणापत्र चालतं. लोक त्याला नुसता फॉर्म समजतात. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाली तर फौजदारी कारवाईला मी पात्र राहीन, आणि त्याखाली आपली सही असते. नोटरी गेली म्हणजे साक्षीदार कमी झाला, जबाबदारी वाढली.

लाडकी बहीण योजनेत हेच दिसलं. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, घरात सरकारी नोकर नको. एका वर्षात छाननी झाली तेव्हा २६ लाख ३४ हजार खात्यांचे पैसे थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनीच सांगितलं. लाभ घेणाऱ्यांत सरकारी कर्मचारी बायकाही सापडल्या. एक बाजू अशीही आहे की अर्ज भरताना कुणी अटी वाचून दाखवल्या नव्हत्या आणि निवडणुकीच्या तोंडावर सगळ्यांनाच घाई होती. ज्या बाईने चुलतजावेच्या सांगण्यावरून अर्ज भरला तिला मी लबाड म्हणणार नाही. पण घरात चारचाकी आली, नवऱ्याला नोकरी लागली, तर पुढचा हप्ता यायच्या आत अंगणवाडीताईंना किंवा महिला-बालविकासच्या कार्यालयाला लेखी कळवणं आपल्या हातात आहे. वसुलीची नोटीस येईपर्यंत थांबायचं कशाला?

शेवटी लाच. इथे नाव उसनं द्यायचं नसतं, गप्प बसायचं असतं, आणि तेही तसंच महागात पडतं. 'फेरफाराला हजार लागतात' हे आपण भाव सांगावा तसं सांगतो. दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. द्यायच्या आधी कळवलं तर सगळ्यात चांगलं, १०६४ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक. दुसरी गोष्ट सापळ्यापर्यंत न जाता होणारी. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. अर्ज 'आपले सरकार' वरून किंवा पोच घेऊन दिला की ठरलेल्या मुदतीत काम करून देणं किंवा कारण लिहून देणं बंधनकारक आहे, नाहीतर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम मोठी नाही. पण पोच हातात असलेल्या माणसाकडे पैसे मागताना समोरचा दोनदा विचार करतो, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं आहे. उशीर होतो. हजार वाचतात ते दोन चकरांत जातात. तरी एकदा असं काम झालं की पुढच्या वेळी तुमच्याकडे मागायची पद्धत मोडते.

हे सगळं एका दिवसात होणारं नाही, पण सुरुवात एका दुपारी होते. मृगाच्या आधी, कामाची घाई सुरू व्हायच्या आत, आपले कागद कुणाकुणाकडे पडलेत ते आठवा. सेंटरवाल्याकडे, आडत दुकानात, गेल्या निवडणुकीत फॉर्म भरून नेणाऱ्या पोराकडे, सोसायटीच्या गटसचिवाकडे. मागता येतील ते परत मागा. इथून पुढे झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं, छापील अक्षरांवरून जाईल असं लिहा: 'फक्त पीक विम्यासाठी', खाली तारीख आणि सही. आधारची प्रत द्यायची असेल तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारी मास्क केलेली प्रत संकेतस्थळावरून निघते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बायोमेट्रिक आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करून ठेवा, अंगठा लावायच्या दिवशी तेवढं उघडा. नातवाला दहा मिनिटं लागतात. मग पासबुक घेऊन बँकेत जा आणि मागच्या सगळ्या एंट्र्या मारून आणा. मशीन बंद असेल तर काउंटरवर खात्याचा उतारा मागा.